गोठविलेले बीज आणि कुत्र्यांची पैदास

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात झाकण काढताच पांढरे धुके सोडणारे एक भांडे तुम्ही पाहिले असेल. त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात बुडविलेल्या बारीक नळ्यांत वळूचे रेत. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाची ही रीत आपल्या परिचयाची आहे. कुत्र्यांच्या बाबतीत ती प्रथम यशस्वी झाल्याचे स्टीफन सीगर यांनी अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध केले. आता तर मरून कित्येक वर्षे झालेल्या नराचीही पिल्ले जन्माला येतात.

इतके जुने बीज टिकते तरी कसे? द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. तेथे पेशीतील पाणी पूर्ण घट्ट झालेले असते, रेणूंना जागचे हलता येत नाही, म्हणून रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. पाच वर्षे काय आणि चाळीस वर्षे काय, नायट्रोजन वेळेवर भरत राहिले म्हणजे झाले! खरा धोका असतो तो गोठताना आणि वितळताना. बर्फाचे स्फटिक होतात, उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते व पेशी मरतात. ग्लिसरीन मिसळल्यास पुष्कळशा पेशी वाचतात, हे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये कोंबड्याच्या रेतावरील प्रयोगांत आढळले.

मेंढ्यांचे एक उदाहरण बोलके आहे. ऑस्ट्रेलियात १९६८ साली गोठविलेले मेरिनो मेंढ्यांचे रेत सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी पन्नास वर्षांनी ५६ मेंढ्यांसाठी वापरले. त्यांपैकी ३४ गाभण राहिल्या. ताज्या साठ्याइतकेच हे यश! परंतु त्या कोकरांच्या अंगावर जुन्या काळच्या वळ्याही परत आल्या. जास्त लोकर मिळावी म्हणून पूर्वी अशा वळ्या मुद्दाम जोपासत. पुढे लोकर कातरणे अवघड जाते आणि वळ्यांत माश्यांची अंडी पडतात म्हणून त्या नकोशा झाल्या होत्या.

म्हणजे थंडी गुण तसे दोषही राखते. कुत्र्यांच्या जातिवंत वाणांत हा प्रश्न फार गंभीर आहे, कारण थोड्याच पूर्वजांपासून निघालेल्या या वाणांत आनुवंशिक रोग साचलेले आहेत. जुन्या बीजाने हरवलेली विविधता परत आणता येईल, असे त्याचे समर्थक सांगतात. तत्त्वतः ते खरे आहे. पण नळ्यांत साठविले जाते कोणाचे बीज? बहुधा प्रदर्शनात बक्षिसे मिळविलेल्या नराचे. त्याची संतती तर आधीच सगळीकडे पसरलेली असते. जे विपुल आहे तेच पुन्हा ओतून विविधता कशी वाढणार? केवळ एका नावाजलेल्या कुत्र्याची आठवण म्हणून, कुत्रीचे पोट शस्त्रक्रियेने उघडून हे बीज आत सोडणे मला तर अजिबात पटत नाही.

तरीही जुने बीज फेकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. त्याचा एक मोठा फायदा सहसा कोणी सांगत नाही. तो नर किती वर्षे जगला, कशाने मेला, त्याची पिल्ले म्हातारपणी कशी होती, हे सारे आज आपल्याला कळू शकते. तरुण नराबद्दल हे कोण सांगणार? शिवाय कुत्र्याचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून अनेक रोगांच्या चाचण्या निघाल्या आहेत. एक नळी खर्ची घालून जुन्या रेताचीही परीक्षा करता येते. सुप्त दोष आढळला तरी घाबरू नये. मेंडेलचा नियम आठवा: दोषवाहक नर आणि त्या दोषापासून मुक्त मादी यांचे एकही पिल्लू त्या रोगाने आजारी पडत नाही. फक्त पुढच्या पिढीसाठी पिल्ले तपासून निवडावी लागतात.

पुढच्या पन्नास वर्षांसाठी मात्र साठा निराळा हवा. प्रदर्शनात कधीही न गेलेला, तेरा-चौदा वर्षे धडधाकट जगलेल्या आईबापांचा एखादा साधा कुत्रा शोधावा, तो तरुण असतानाच त्याचे रेत गोठवावे, आणि तो मरेपर्यंत त्याच्या प्रकृतीची नोंद त्या नळ्यांबरोबर ठेवावी.