इंजिनाची नाडी आधी पाहा

वाचकहो, आम्ही पडलो कारकून. वाणिज्य शाखेचे पदवीधर. इंजिन हा आमचा विषय नव्हे. परंतु घरातल्या मुलाची भाकरी इंजिनावर अवलंबून असली, की काकालाही गॅरेजची पायरी चढावी लागते.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा फ्रीज-एसी दुरुस्तीचे काम करतो. हत्यारे घेऊन कल्याणहून इगतपुरी-नाशिकपर्यंत जातो. गाडी जुनी, डिझेलची. मीटरवर 1 लाख 80 हजार किलोमीटर. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "काका, कसारा घाटात गाडी दम टाकते. एक जण 25 हजारांत संगणकाचं सेटिंग बदलून ताकद वाढवून देतो. आईने भिशी उचललीय."

आम्ही एवढेच विचारले, "बाबा, दम का टाकते ते पाहिलेस का?" तो गप्प झाला.

धंदा वाढवण्यापूर्वी ताळेबंद पाहावा, हे आम्ही कॉलेजात शिकलो. गाडीलाही तोच नियम. सेटिंग बदलणारा, म्हणजे रिमॅप करणारा, नवे काही बसवत नाही. डिझेल इंजिनात तो इंधन वाढवतो आणि टर्बोचा दाब वाढवतो. त्यामुळे सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. धडधाकट इंजिन हे मर्यादेत सोसते; झिजलेले मात्र लवकर बसते.

दोघे मिळून ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली, कारण इंजिन थंड असतानाच खरे बोलते. सकाळी आधी ऑइल आणि कूलंट पाहिले. कूलंटवर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. (गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, भाजते.) मग धूर पाहिला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही, तर पाणी आत शिरत असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. आमच्या गाडीचा धूर काळा होता, त्यात किंचित निळी झाक.

चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल केले तर आतून जोराने वाफ फुंकली जात होती. मिस्त्री म्हणाला, "बॅक कॉम्प्रेशन आहे."

आता आकडे आले, तेव्हा आम्हांला हुरूप आला. इंजिन गरम करून, बॅटरी पूर्ण भरून, इंधन बंद ठेवून, चारही ग्लो प्लग काढून त्या जागी डिझेलचा गेज लावला. तीन सिलिंडर 28 बारच्या आसपास, चौथा 21! कंपनीच्या पुस्तकातला आकडा तर पाहावाच, पण चौघांमधला फरकही पाहावा. 10-15 टक्क्यांच्या पुढे गेला तर दुखणे आहे. इथे तो 25 टक्के होता.

दुखणे कुठे? चौथा पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या नळीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. आमच्याकडे ऑइलच्या तोंडातून सूं आवाज आला. म्हणजे रिंग झिजलेल्या. पेट्रोल गाडीत यासाठी चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये घालून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर दोष रिंगचा. डिझेलमध्ये मात्र पिस्टनवर जागा फार थोडी असते, म्हणून हा प्रयोग करू नये.

शेवटी टर्बोची रबरी नळी तपासली, तर ती फाटलेली! दाबाची हवा वाटेतच निसटत होती. काळ्या धुराचे आणि घाटातल्या दमाचे मोठे कारण हेच.

नळी बदलली, एअर फिल्टर बदलला. आता गाडी घाट बऱ्यापैकी चढते. रिमॅप रद्द झाला. भिशीचे पैसे इंजिनाच्या कामासाठी बाजूला ठेवले आहेत. रिमॅप केला असता तर तोच चौथा सिलिंडर एखाद्या रात्री घाटात बसला असता, आणि पोराचा रोजगारही बसला असता.

आणखी एक. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा ताकद वाढवण्याआधी आर.टी.ओ.त चौकशी करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि पीयूसीचाही विचार करावा.

माताभगिनींनो, मुलगा भिशीचे पैसे मागायला आला तर नाही म्हणू नका. फक्त विचारा, "तपासलंस का?" एवढा एक प्रश्न पुष्कळ पैसे वाचवतो.