वचनांचा ताईत

ख्रिस्ती शिकवण दैनंदिन जीवनास कशी लावावी हें सांगणारीं जीं पुस्तकें, प्रवचनें आणि भिंतीवर टांगण्याचीं चित्रें हल्लीं निघतात, त्यांचा पूर आम्हांस मुळींच आनंददायक वाटत नाहीं. बायबल घरोघर वाचलें जावें, आचरणांतहि यावें, याविषयीं आमचें कोणाशीं भांडण नाहीं. भांडण आहे तें ‘लावण्या’च्या रीतीशीं. ग्रंथांतून एक सोयीचें वाक्य खुडावयाचें, तें आपल्याच नांवानें लिहिलें आहे असें मानावयाचें, आणि परीक्षा, नोकरी, दुखणें अशा प्रसंगीं दंडांत बांधावयाचें, याला शास्त्राचरण म्हणणें म्हणजे वैद्याची चिठ्ठी पाण्यांत घोळून पिण्यासारखें आहे. (हिंदु वाचकांनीं येथें हंसण्याची घाई करूं नये. गीतेचा अर्धा श्लोक दिनदर्शिकेवर छापून आपणहि तेंच करीत असतों.)

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाचेंच पाहा. ईश्वराचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, अशा आशयाचें त्यांतील वचन आज पदवीधरांस पाठविण्याच्या शुभेच्छापत्रांवर असतें. तें मुळांत लिहिलें कोणास? बाबेलास धरून नेलेल्या बंदिवानांस. दोन वर्षांत सर्व कांहीं पूर्ववत् होईल असें सांगणारा हनन्या नांवाचा संदेष्टा त्या वेळीं होताच. यिर्मयानें त्यास खोटा ठरविलें आणि बंदिवानांस कळविलें कीं, सत्तर वर्षें लागतील. तोंवर तेथेंच घरें बांधा, मळे लावा आणि ज्या शत्रूच्या नगरांत राहतां त्याचें कल्याण इच्छा. म्हणजे तें पत्र ज्यांनीं ऐकलें त्यांतील बहुतेक तेथेंच मरणार होते. आपण वचन घेतों यिर्मयाचें आणि अर्थ काढतों हनन्याचा! पौलाची ‘सर्व कांहीं करण्याची’ शक्तिहि अशीच खेळाडूंच्या अंगरख्यांवर गेली आहे. वास्तविक ती बंदिवासांत लिहिलेली, उपास व समृद्धि दोन्ही सारख्याच शांतपणें सोसण्याची शक्ति होय.

आतां याच्या उलट बाजू पाहूं. ज्या वचनास संदर्भाची अडचण नाहीं, जें सरळ आपणांस लागू पडतें, तें मात्र कोणी दंडांत बांधीत नाहीं. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घ्या. सभेंत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला कीं त्यास चांगली जागा द्यावयाची आणि मळक्या वस्त्रांच्या गरिबास उभें ठेवावयाचें किंवा पायांशीं बसवावयाचें, याला याकोब उघड पाप म्हणतो. मार्टिन लूथरनें १५२२ सालच्या आपल्या प्रस्तावनेंत या पत्रास गवताच्या मोलाचें ठरविलें होतें, त्याचीं कारणें तात्त्विक होतीं. आमच्या देशांतील मंडळ्यांनीं तितका विचारहि केला नाहीं. त्यांनीं पत्र आदरानें वाचलें आणि जागा पूर्वीं होत्या तशाच ठेवल्या.

ही अतिशयोक्ति नव्हे. तिरुनेल्वेली जिल्ह्यांतील वडक्कनकुलम येथें १८७२ सालीं जें कॅथोलिक मंदिर बांधलें, त्यास दोन स्वतंत्र दालनें होतीं. वेदी एकच, परंतु एका दालनांत वेळ्ळाळ, दुसऱ्यांत नाडार आदि इतर जाती, आणि मध्यें भिंत. १९१० सालीं भिंत पाडली गेली, तेव्हां ती पुन्हा मिळावी म्हणून ख्रिस्ती माणसें न्यायालयांत गेलीं! मद्रासच्या हायकोर्टानें त्यांचें म्हणणें मानलें नाहीं. जें याकोबाच्या पत्रानें व्हावयाचें तें सरकारी न्यायाधीशांस करावें लागलें.

जात हा केवळ लौकिक रिवाज आहे, धर्माशीं त्याचा संबंध नाहीं, हा युक्तिवाद फार जुना आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं १८३३ सालींच तो धुडकावून लावला आणि मंडळींतून जातिभेद तत्काळ व कायमचा जावा असें फर्मावलें. त्यानंतर पावणेदोनशेंहून अधिक वर्षांनीं, २०१६ सालीं, भारतीय कॅथोलिक धर्माध्यक्षांस दलित सबलीकरणाचें धोरण प्रसिद्ध करून मंडळींत अस्पृश्यता व भेदभाव चालतो हें कबूल करावें लागलें. कबुली प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच ती लाजिरवाणी आहे. मराठी मंडळींनीं तमिळ प्रांताकडे बोट दाखवून सुटूं नये. आपल्याकडे भिंत नसेल. परंतु सोयरीक जुळवितांना आजोबा-पणजोबांच्या जातीची हळूच होणारी चौकशी कोणत्या शुभवर्तमानांत सांगितली आहे?

कोणी म्हणेल, अशा कठोर वाचनानें दुःखितांचा आधारच हिरावला जाईल. तसें होत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणलें व तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. दुष्काळांतून आणलेल्या मुलींस केडगांवीं अन्न, निवारा आणि हातास काम देणाऱ्या त्या बाईस वचनांतील दिलाशाचें मोल समजत नव्हतें असें कोण म्हणेल? दिलासा खरा आहे. पण यिर्मयाच्या पत्रांत दिलाशाबरोबर मळे लावण्याचें कामहि आहे.

आणि आपण नेहमीं बंदिवानच असतों असें तरी कोठें आहे? सुशिक्षित, पगारदार घरांची स्थिति पुष्कळदां सोन्याच्या अंगठीवाल्याचीच असते. याकोबाच्या पांचव्या अध्यायांत कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ईश्वरापुढें ओरडते असें सांगितलें आहे. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईच्या आजारपणाचे खाडे महिनाअखेर कापतांना तो अध्याय कोणास आठवत नाहीं. शुभेच्छापत्रांवर तो छापलेला नसतो.