खाली घातलेली मान



'मान मोडून काम करणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत जुना आहे. भाताची लावणी करणारी बाई, यंत्रावर ओणवलेला शिंपी, वहीत डोके खुपसलेला विद्यार्थी ह्यांच्या माना पूर्वीही दुखत असत. सांप्रत त्यांच्या जोडीला मोबाईल आला आहे. शेतातील काम सांजेला सुटते, शिंप्याचे यंत्र रात्री थांबते. मोबाईल मात्र अंथरुणापर्यंत सोबत येतो. म्हणून मानदुखी आणि तिच्यावरील भौतिकोपचार, ज्याला आपण फिजिओथेरपी म्हणतो, ह्यांविषयी आज चार शब्द लिहीत आहोत.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आमच्या परिचयाची एक माउली राहते. वय ५५ च्या आसपास. तिची धाकटी मुलगी कुवेतला परिचारिका आहे. आपल्याकडे रात्रीचे १० वाजतात तेव्हा तिकडे साडेसात झालेले असतात. मुलगी कामावरून येते आणि आईला फोन लावते. माउली भिंतीला टेकून बसते, मोबाईल मांडीवर धरते आणि लेकीचा चेहरा पाहत तासभर बोलते. दिवसभर विळीवर, चुलीपुढे आणि परसात वाकलेली मान रात्रीही वाकलेलीच राहते.

हळूहळू मान अवघडू लागली. कळ खांद्यापर्यंत उतरू लागली, डोक्याची मागची बाजू ठणकू लागली. बाम झाला, मिठाचा शेक झाला, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या झाल्या. शेजारणीने आपला जुना मानेचा पट्टा दिला. कोणीतरी सांगितले, "मोबाईलने मणके झिजलेत, आता मान जपायला हवी." ह्या वाक्याने दुखण्यापेक्षा अधिक घात केला. माउलीने भीतीने मान वळविणेच सोडले. पुढे तर पाण्याची कळशीही उचलवेना. घरच्यांनी मोबाईल बंद करण्याचा उपाय सुचविला, तेव्हा ती म्हणाली, "मान दुखली तर दुखू दे. पण लेकीचं तोंड बघायचं कसं सोडू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. अखेरीस थोरल्या मुलाने तिला बेळगावला एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेले.

बाईंनी प्रथम पट्टा काढून बाजूला ठेवला. मान चारही दिशांना किती वळते, हातांत जोर किती आहे, बोटांना स्पर्श नीट कळतो की नाही, हे तपासले. मग विचारले, "मावशी, मोबाईल कुठं धरता?" सर्व ऐकून त्यांनी निर्वाळा दिला, "तुमची मान मोडलेली नाही, ती थकली आहे. थकलेल्या मानेला जपून ठेवायचं नसतं, तिला पुन्हा कामाला लावायचं असतं."

ह्या उत्तरामागील विचार वाचकांनीही समजून घ्यावा. मानेत ७ मणके असतात आणि त्यांवर सुमारे ५ किलोचे डोके तोललेले असते. डोके सरळ खांद्यांवर असले की तो भार सहज पेलतो. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते दोरीने ओढून धरल्यासारखे धरावे लागते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज ह्यांनी २०१४ साली संगणकाच्या साहाय्याने असा हिशेब मांडला की, डोके १५ अंश झुकले तर मानेवर सुमारे १२ किलोंचा भार येतो, ३० अंशांना १८ किलोंचा, आणि ६० अंशांना २७ किलोंचा. म्हणजे तांदळाच्या ५० किलोंच्या पोत्याच्या अर्ध्याहून अधिक!

हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. तो गणिताचा हिशेब आहे, जिवंत माणसाच्या मानेवर केलेले मोजमाप नव्हे. शिवाय ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे १८ ते २१ वर्षांच्या १५० तरुणांची पाहणी झाली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. मोबाईल पाहताना मान अधिक वाकविणाऱ्यांना मानदुखी अधिक होते, असे तीत आढळले नाही. मग खरे काय? मान वाकावी म्हणूनच घडविलेली आहे. ती वाकण्याने बिघडत नाही. एकाच ठिकाणी तासन् तास वाकून राहिल्याने थकते. त्यात अपुरी झोप, मनाची काळजी आणि स्नायूंचा अशक्तपणा ह्यांची भर पडली की दुखणे घर करून बसते. परदेशी राहणाऱ्या लेकीची काळजी हीही त्या माउलीच्या मानेवरील एक ओझेच होते, नव्हे काय?

आता उपचाराकडे वळू. भौतिकोपचारात तज्ज्ञ हाताने आखडलेले सांधे व स्नायू मोकळे करतात. त्याने आराम पडतो. परंतु टिकाऊ गुण येतो तो रोग्याने स्वतः केलेल्या व्यायामाने. फिनलंड देशात कचेरीत काम करणाऱ्या आणि जुनाट मानदुखी असलेल्या १८० स्त्रियांवर वर्षभर एक प्रयोग झाला. त्याचे फलित २००३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम केले, त्यांचे दुखणे बरेच कमी झाले. ज्यांना केवळ ताण देण्याचे व चालण्याफिरण्यासारखे व्यायाम करण्यास सांगितले होते, त्यांना तितका गुण आला नाही. तात्पर्य, मान नुसती सैल करून भागत नाही. ती बळकट करावी लागते.

बेळगावच्या बाईंनी माउलीला दिलेले व्यायाम साधे आहेत आणि घरच्या घरी होण्याजोगे आहेत.

पहिला: भिंतीला पाठ लावून बसावे व समोर पाहावे. डोके वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे ओढावी, जणू गळ्याला दुसरी हनुवटी यावी. ५ सेकंद थांबून सोडावे. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा.

दुसरा: उताणे निजून, डोके न उचलता, होकार देताना हलवितो तितकीच मान हळूच हलवून हनुवटी गळ्याकडे आणावी व ५ सेकंद धरावी. असे १० वेळा. ह्याने गळ्याच्या आतील, मणक्यांलगतचे स्नायू जागे होतात. दुखणाऱ्या मानेत हेच बहुधा आळसावलेले असतात.

तिसरा: दोन्ही खांद्यांची पाती मागे व किंचित खाली ओढून ५ सेकंद धरावी, १० वेळा.

चौथा: तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हलकेच दाबावे, हाताने अडवावे, डोके हलू देऊ नये. तसेच मागून व दोन्ही बाजूंनी करावे. प्रत्येक बाजूस ५ सेकंद, ५ वेळा.

पाचवा: एक कान त्याच बाजूच्या खांद्याकडे झुकवून विरुद्ध बाजूस हलका ताण येईल इतपत २० सेकंद थांबावे, दोन्ही बाजूंना २ वेळा.

दोनतीन आठवड्यांनी, सोसवू लागले की, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली प्रत्येक हातात घेऊन खांदे वर उचलून सोडण्याचा व्यायाम जोडावा. व्यायाम करताना थोडे अवघडल्यासारखे वाटले तर चिंता नको. पण कळ हातात उतरू लागली किंवा चक्कर आली तर थांबावे व तज्ज्ञांना विचारावे.

काही गोष्टी टाळाव्यात. मानेचा पट्टा दिवसचे दिवस बांधून ठेवल्यास स्नायू अधिकच दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहिल्यास पोटाला व मूत्रपिंडांना अपाय होतो. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने इजा होऊ शकते आणि क्वचित पक्षाघातही होतो.

काही लक्षणे मात्र घरगुती व्यायामाच्या आवाक्याबाहेरची असतात. हातांतील जोर कमी होणे, गुंडी लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मानदुखीबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, तसेच पडल्यावर अथवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी, ह्यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

राहता राहिला लेकीचा फोन. बाईंनी तो बंद करण्यास सांगितले नाही. "मान मोबाईलकडं न्यायची नाही, मोबाईल मानेकडं आणायचा," एवढेच त्या म्हणाल्या. घरी येताच थोरल्या मुलाने बैठकीच्या भिंतीतील कोनाड्यात, आईच्या डोळ्यांच्या उंचीवर, तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. माउली समोर खुर्चीवर बसते. दर १५-२० मिनिटांनी उठते, बोलता बोलताच चार पावले चालते, हनुवटी मागे घेते. कुवेतमधील लेक पलीकडून आकडे मोजते आणि दोघी हसतात.

आठ आठवड्यांनी कळ पुष्कळशी उतरली. क्वचित लावणीच्या दिवसांत ती पुन्हा डोके वर काढते. तेव्हा व्यायाम वाढवायचे, घाबरायचे नाही, हे माउलीला आता ठाऊक आहे. कळशीही ती पुन्हा स्वतः उचलू लागली आहे.

आपल्या घरांतूनही कोणी दूरदेशी असेल, कोणी परीक्षेसाठी मोबाईलवर अभ्यास करीत असेल. त्यांना रागे भरून मोबाईल हिसकावण्यापेक्षा आज रात्री एवढेच करावे: घरात डोळ्यांच्या उंचीवर एखादा कोनाडा किंवा फळी शोधावी, आणि जेवणापूर्वी सर्वांनी मिळून दहा वेळा हनुवटी मागे घ्यावी. मुले हसतील. हसू द्यावीत. हसताना मान आपोआप वर येते.