मिटली कळी आणि औषधाची घाई

ठाणे-कल्याणकडील बागाईतदारांची दरसालची तक्रार अशी की, श्रावणात गुलाब कळ्यांनी लगडतो, पण कळ्या न उमलताच तपकिरी पडून कुजतात. अशा वेळी दुकानातून औषध आणण्यापूर्वी एक कळी उभी चिरून पाहावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बाहेरच्या पाकळ्या कागदासारख्या चिकटलेल्या व आतील गाभा ताजा असेल, तर तो ऊनपावसाचा दोष समजावा. या प्रांती चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. भिजलेल्या पाकळ्या उन्हाने वाळून एकमेकींस घट्ट बसतात, आणि मग करडी बुरशी धरते. दाट पाकळ्यांच्या जातींस हे विशेष. येथे कीटकनाशक मारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. आम्हीही दोन पावसाळे तो घातला आहे. कुजक्या कळ्या खुडून बागेबाहेर टाकाव्यात, झाडात वारा खेळेल अशी छाटणी करावी.

उन्हाळ्यात मात्र पाकळ्यांच्या कडा करपलेल्या दिसल्यास कळी पांढऱ्या कागदावर झटकावी. सुतासारखे बारीक पिवळसर जीव धावू लागले, तर ते फुलकिडे. औषधाचे काम तेथे. आमच्या बांधावरील विरळ पाकळ्यांचा गुलाब भर पावसातही उमलतो. नवी कलमे आम्ही आता त्याचीच बांधतो.