हौस, हिशेब आणि चार चाकांची ओढ

आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण पिढीच्या बोलण्यात अलीकडे एक विषय वारंवार येऊ लागला आहे. एका मालकाच्या हातून उतरलेली, पण चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचविणारी वेगवान सेडान विकत घ्यावी काय? चिरंजीवांचे म्हणणे असते की, नव्या गाडीच्या किमतीत वीस लाखांची बचत होते. वडिलांचे म्हणणे असते की, पैसा मालात फिरला तर वाढतो, दारात उभा राहिला तर झिजतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न आवाज चढवून सुटत नाही. तो कागदावर मांडावा लागतो.

उदाहरणासाठी एक प्रत्यक्ष गाडी घेऊ. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह ही सेडान मार्च २०२१ मध्ये भारतात आली. तिची जुळणी चेन्नईत होते. त्या वेळची शोरूम किंमत ६२ लाख ९० हजार रुपये होती. कर व विमा वेगळा. तीन लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन, ३८७ अश्वशक्ती आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत. अशी गाडी काही वर्षांनी दुसऱ्या हाती विक्रीस आली की किंमत बरीच उतरलेली असते आणि मोह होणे स्वाभाविक असते.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडीची किंमत उतरते, तिची देखभाल उतरत नाही. चाळीस लाखांना घेतलेल्या या गाडीचे ब्रेक, टायर, गिअरबॉक्स आणि सुटे भाग हे साठ लाखांच्या गाडीचेच असतात. किंबहुना पहिल्या मालकाने हमीच्या काळात जे फुकट करून घेतले, ते दुसऱ्या मालकाला खिशातून करावे लागते. म्हणून खरेदीची किंमत पाहून ऐपत ठरवू नये. नव्या गाडीची किंमत पाहून ठरवावी.

आता आकडे मांडू. समजा, गाडी ४२ लाखांना ठरली. स्वतःचे १२ लाख आणि ३० लाखांचे कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. मासिक हप्ता सुमारे ६५,२०० रुपये होतो आणि पाच वर्षांत व्याजच नऊ लाखांच्या वर जाते. पाच वर्षांनी गाडी २० लाखांना गेली असे धरले, तर किमतीतील तूट २२ लाख. व्याज आणि तूट मिळून ३१ लाख, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५२,००० रुपये. यात पेट्रोल, विमा, टायर, सर्व्हिसिंग यांचा एक पैसाही नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत; आपापले आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने करावा.

यानंतरचा प्रश्न मला बँकेतील नोकरीच्या अनुभवामुळे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैसा कोणत्या खात्यातून निघणार? कॅश क्रेडिट ही माल आणि येणी यांच्या आधारावर दिलेली मर्यादा असते. ते खेळते भांडवल आहे. त्यातून गाडीसाठी १२ लाख उचलले की ते पाच-सहा वर्षांसाठी अडकतात. दसरा-दिवाळीपूर्वी माल भरण्याची वेळ येते तेव्हा मर्यादा नेमकी तेवढ्यानेच अपुरी पडते. रोख खरेदीवरील सवलत हुकते आणि पुरवठादाराला दिलेला चेक वटेल की नाही ही धास्ती लागते. बँक याला निधी अन्यत्र वळविणे म्हणते आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याविषयी विचारणा होऊ शकते. गाडी घ्यायचीच असेल, तर ती साठलेल्या नफ्यातून आणि रीतसर वाहन कर्जातून घ्यावी.

त्याला जोडून येणारी गोष्ट नाजूक आहे. दोन भावांची पेढी असेल आणि एकाच्या मुलासाठी गाडी येणार असेल, तर हप्ता पेढीच्या खर्चात जाणार की त्या भावाच्या उचल खात्यावर पडणार, हे खरेदीपूर्वी ठरवून लिहून ठेवावे. ज्या पेढ्या मंदीत टिकल्या, त्या अशा न बोललेल्या खर्चामुळे मात्र फुटल्या, असे मी पाहिले आहे. धाकट्याला आज न विचारलेला प्रश्न दहा वर्षांनी वाटणीच्या बैठकीत विचारला जातो.

'पेढीच्या नावावर घेतली की करात सुटते' हे वाक्यही तपासून घ्यावे. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकरात साधारणपणे १५ टक्के घसारा मिळतो, तोही व्यवसायाच्या वापरापुरता. भागीदारी पेढीचा कर ३० टक्के धरला, तर शंभर रुपये खर्चून तिसाच्या आसपास वाचतात, सत्तर जातातच. अशा प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. शिवाय पुढे पेढी ती गाडी विकेल तेव्हा घसारा वजा जाता उरलेल्या किमतीहून जास्त रक्कम आली, तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो.

आता चारही चाकांच्या ओढीविषयी. यॉर्ग बेन्झिंगर या ऑडीच्या अभियंत्याला १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू असताना दिसले की, फोक्सवागनची इल्टिस ही कमी ताकदीची लष्करी गाडी बर्फावर अधिक ताकदीच्या मोटारींना मागे टाकते. त्या निरीक्षणातून ऑडी क्वाट्रो घडली आणि १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. म्हणजे ही कल्पना बर्फात जन्मली. चाक घसरू लागले की ताकद दुसऱ्या चाकांकडे वळते आणि गाडी पुढे जाते, हे तिचे काम.

आपल्याकडे आंबोली किंवा ताम्हिणी घाटात भर पावसात वळणातून चढावर गाडी काढताना तिचा उपयोग निश्चित होतो. परंतु ती ओढते, थांबवत नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच. ओल्या उतारावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरच्या पकडीवर आणि वेगावर अवलंबून असते. 'चारही चाके ओढतात, म्हणून सुरक्षित' या समजुतीने तरुण मुलगा वळणावर दहा किलोमीटर अधिक वेगाने गेला, तर यंत्रणेने दिलेले सर्व काही तेथेच संपते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची आणि समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे. पहिली मर्यादा ही गाडी पाच सेकंदांच्या आत गाठते. पुढची सारी ताकद सार्वजनिक रस्त्यावर वापरण्याजोगी उरत नाही. बुटक्या बांधणीमुळे गावोगावचे मनमानी गतिरोधक खाली घासतात, तोही विचार करावा.

या यंत्रणेचा देखभालीशीही संबंध आहे. पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, पुढचे जादा डिफरन्शियल, जादा शाफ्ट एवढे भाग वाढतात. टायरांची झीज असमान असेल, तर चाकांच्या घेरात फरक पडून या भागांवर सतत ताण येतो. म्हणून बहुधा एक टायर न बदलता चारही बदलावे लागतात. गाडी पाहताना चारही टायर एकाच कंपनीचे व सारखे झिजलेले आहेत ना, हे प्रथम पाहावे. विजोड टायर दिसले, तर आधीच्या मालकाने जेथे डोळ्यांना दिसते तेथेही काटकसर केली होती, असे समजावे.

वेगवान गाड्यांत इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढविण्याची हौस पुष्कळांना असते. विक्रीपूर्वी ते मूळ पदावर आणले जाते. त्यासाठी अधिकृत सेवा केंद्रातील संपूर्ण इतिहास मागावा आणि स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घ्यावी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण येथे पुराच्या पाण्यात असंख्य वाहने बुडाली. बुडालेली गाडी ओळखण्याची साधी खूण अशी की, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाळाचा डाग आतल्या पट्ट्यावर राहतो. आसनांखालचे गंजलेले बोल्टही तेच सांगतात.

कागदपत्रांत कसूर नको. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलने पाहावीत. बोजा असल्यास बँकेचा नाहरकत दाखला व नमुना ३५, हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, परराज्यातील गाडी असल्यास नमुना २८ लागतो. परराज्यातील गाडी स्वस्त दिसते, पण महाराष्ट्रात वेगळा कर भरावा लागतो. तो किमतीत मिळवूनच तुलना करावी. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. रक्कम बँकेमार्फतच द्यावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. आणि आपली जुनी गाडी विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, नोंदणी बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

तर निर्णय कसा घ्यावा? माझे मत असे. पहिले, स्वतःचा वाटा कॅश क्रेडिटला हात न लावता उभा राहतो काय? दुसरे, खरेदीनंतर किमतीच्या दहा टक्के रक्कम दुरुस्तीसाठी मुदत ठेवीत बाजूला ठेवता येते काय? तिसरे, ती कोण चालविणार आणि कोठे, याचे घरातील सर्वांना पटेल असे उत्तर आहे काय? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर गाडी अवश्य घ्यावी आणि मोकळ्या मनाने तिचा आनंद घ्यावा. कष्टाने मिळविलेल्या पैशाची हौस करण्यात कमीपणा नाही. एकाचेही उत्तर नाही असेल, तर वर्षभर थांबावे आणि हप्त्याएवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत भरून पाहावी. बारा महिने ती न चुकता भरता आली, तर हप्ता झेपेल हे सिद्ध होते आणि हाती आठ लाखांच्या जवळपास रक्कमही येते. न भरता आली, तर ज्या चिरंजीवांना गाडी हवी होती, त्यांनाच पासबुक वाचावयास द्यावे.