पिन बसली म्हणजे जोडी जमली नव्हे



पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीतच कुजवा, असे आम्ही वारंवार सांगत आलो आहोत. एकरी ३-४ टन पाचट म्हणजे घरचेच खत. पुष्कळांनी ते मनावर घेतले, याचा आनंद आहे. पण त्याबरोबर एक नवी काळजी बांधावर आली आहे.

आंतरमशागतीसाठी घेतलेला १८ ते २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे शेजाऱ्याकडून मागून आणलेले मोठ्या ट्रॅक्टरचे कुट्टी यंत्र, अशी जोडी आता ठिकठिकाणी दिसते. विचारले तर उत्तर मिळते, "पिना बसल्या की झालं!" आम्हांला हे मान्य नाही. पिन बसणे वेगळे आणि यंत्र पेलणे वेगळे. गेल्या हंगामात अशाच एका ट्रॅक्टरची पुढची चाके बांध चढताना आमच्यादेखत उचलली गेली. चालवणारा गडी जुना, त्याने झटकन यंत्र खाली टेकवले म्हणून निभावले.

इंजिनावर लिहिलेली सगळी अश्वशक्ती पीटीओपर्यंत पोचत नाही, म्हणून यंत्राची मागणी पीटीओच्या ताकदीशी ताडून पाहावी. यंत्राचे वजन हायड्रॉलिकच्या उचल क्षमतेत बसावे. यंत्र उचलल्यावरही ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा. नसेल तर पुढे वजने लावावीत. शाफ्ट आखूड असला तर निसटतो, लांब असला तर यंत्र उचलताना गिअरबॉक्सला ठोसा देतो. शिअर बोल्ट तुटला तर त्याच मापाचा टाकावा. कडक बोल्ट ठोकला की मोडायचे ते गिअरबॉक्समध्ये मोडते.

आणि शाफ्टचे कव्हर काढून फेकू नका. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. धोतराचा सोगा किंवा खांद्यावरचा टॉवेल गुंतला, तर हाक मारायलाही सवड मिळत नाही. अडकलेले पाचट काढायचे तर आधी इंजिन बंद, चावी खिशात. पीटीओ सोडल्यावरही पाती काही वेळ फिरतच असतात.

छोट्या ट्रॅक्टरसाठी कमी रुंदीचे यंत्र मिळते. एकट्याला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. मग चार-पाच सभासदांनी मिळून एक का घेऊ नये? सहकार आणखी कशाला म्हणतात? कारखान्यानेही प्रत्येक गट कार्यालयात कोणते यंत्र किती अश्वशक्तीला चालते याचा तक्ता लावावा, अशी आमची मागणी आहे.

औत जड झाले की बैल थांबतो, मालकाकडे वळून बघतो. ट्रॅक्टर बघत नाही. ते बघणे आपल्यालाच करावे लागणार.