बुटके झाड आणि उपाशी झाड

आपल्या महाविद्यालयाच्या पोर्चमध्ये गेल्या वर्षी फेब्रुवारीत अठरा नव्या कुंड्या आल्या. समिती येणार होती. कुंड्यांना गेरू लागला, वर पांढरा पट्टा ओढला गेला आणि प्रत्येकीत एकेक मोरपंखी किंवा ख्रिसमस ट्री उभे राहिले. समिती आली, कौतुक करून गेली. जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा अठरापैकी अकरा कुंड्यांत नुसते तपकिरी झाडू उभे होते. 'कमवा आणि शिका' योजनेत बागेला पाणी घालण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे ती झाडे उपटण्याचे कामही माझ्याकडेच आले. "ही थंड हवेची झाडे, आपल्याकडे टिकत नाहीत," असे त्या वेळी ज्याने त्याने सांगितले. मला ते तेव्हा पटले नाही, आज तर मुळीच पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वनस्पतीशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

प्रथम 'बुटके' या शब्दाविषयी. कुंडीतले झाड लहान दिसते, म्हणजे ते बुटक्या जातीचे, असा आपला समज असतो. देवदार, पाइन, स्प्रूस, जुनिपर, मोरपंखी ही फुलांऐवजी शंकू धरणाऱ्या वर्गातील झाडे. या शंकुधारी झाडांत कधीकधी निसर्गतःच एखादे रोप असे निपजते की ते आपल्या भावंडांच्या मानाने फारच सावकाश वाढते. कधी एखाद्या मोठ्या झाडावर एकाच ठिकाणी आखूड काड्यांचा दाट झुबका येतो आणि त्याची कलमे केली तर तीही बहुधा ठेंगणीच राहतात. 1904 साली कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, लॅगन येथे, अमेरिकेतील आर्नोल्ड आर्बोरेटमच्या जॅक आणि रेहडर या दोघांना स्प्रूसची अशी ठेंगणी रोपे आढळली. ते आगगाडीची वाट पाहत होते, असे सांगतात. एरवी तो वृक्ष वीस-पंचवीस मीटर उंच जातो. पण या रोपांची संतती आज जगभर दारातल्या कुंड्यांत उभी आहे.

मला सर्वांत आवडली ती अमेरिकन कोनिफर सोसायटीची व्याख्या. ती झाडाची उंची मोजत नाही, वर्षाची वाढ मोजते. वर्षाला एक ते सहा इंच वाढणारे ते बुटके, एका इंचाहूनही कमी वाढणारे ते अतिबुटके. म्हणजे बुटके झाड हे वाढ खुंटलेले झाड नव्हेच. ते दरवर्षी वाढते, फक्त स्वतःच्या चालीने. ज्याची वाढ भांड्याने, भुकेने किंवा तहानेने अडवली ते झाड निराळे. दिसायला दोन्ही सारखीच लहान. गफलत होते ती इथे.

आमच्या वसतिगृहात यावरून एका रात्री बराच वाद झाला. माझी एक मैत्रीण म्हणाली, "कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्थेसाठी वटवृक्षाचे बोधचिन्ह निवडले. त्यांच्या सातारच्या मातीत ही परदेशी ठेंगणी झाडे हवीत कशाला? वड लावा." मुद्दा बिनतोड वाटतो खरा. वड लावावा, जमिनीत, पटांगणात, जरूर लावावा. पण पोर्चमधल्या दीड फुटाच्या कुंडीत वड लावायचा तर त्याचे बोन्साय करावे लागते, मुळे छाटावी लागतात, फांद्यांना तारा आवळाव्या लागतात. वडाला लहान ठेवणे हे रोजचे भांडण आहे. जातीने बुटक्या झाडाशी असे भांडावे लागत नाही.

परदेशी म्हणाल तर ते मान्य. आपल्या सह्याद्रीत शंकुधारी झाडे आपणहून उगवत नाहीत. साऱ्या पश्चिम घाटात त्या वर्गाची एकच जात रानात सापडते, तीही दक्षिणेकडे, केरळ-तमिळनाडूच्या बाजूला. (सुरूचे झाड दिसते तसे, पण ते या वर्गातले नाही; सुरूला फुले येतात.) मोरपंखी मूळची चीनकडची. लिनीअसने 1753 मध्ये तिला थुजा म्हटले. पुढे शास्त्रज्ञांनी नाव बदलून प्लॅटिक्लॅडस केले, तरी आपले नर्सरीवाले अजून 'थुजा'च म्हणतात. मिरचीसुद्धा परदेशातूनच आली, पण तिला आपण ताटातून उठवत नाही.

हवेचे कारणही अर्धेच खरे आहे. स्प्रूस किंवा देवदार इथे आणला तर तो हाल सोसणार, हे उघड आहे. पण मोरपंखी साताऱ्यात तर राहतेच, साताऱ्याहून सखल आणि तापट अशा सांगलीतही वर्षानुवर्षे राहते. ख्रिसमस ट्रीची गोष्ट आणखी वेगळी. आपण ज्याला या नावाने विकत घेतो ते अरौकेरिया. त्यातली एक प्रसिद्ध जात नॉरफोक बेटावरची. कॅप्टन कुक 1774 मध्ये तिथे पोहोचला तेव्हा ती सरळ खोडे पाहून त्याला जहाजांच्या डोलकाठ्या आठवल्या. पन्नास मीटरपर्यंत जाणारे हे झाड! पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांवरून डोके काढून उभे असते ते पाहावे. कुंडीत ते बुटके नसते, ते मूल असते.

हा फरक मला पुस्तकाने सांगितला; कळला मात्र घरी.

आमचे घर सांगलीत नदीकाठच्या वस्तीत, भाड्याची एक खोली. आण्णा मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत हमाल आहेत आणि आई विश्रामबागेत धुण्याभांड्याची कामे करते. तिथल्या एका बंगल्यातल्या मोरपंखीखाली आपोआप उगवलेले रोप तिने मी पहिलीत असताना आणले आणि तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावले. शाळेत आम्ही मुली मोरपंखीची चपटी काडी पुस्तकात ठेवायचो, त्याने विद्या येते म्हणून. घरात उभे राहायला जागा नाही आणि दारात हा डबा, असे आण्णा कुरकुरले की आई म्हणे, "आसू दे की. इद्येचं झाड हाय त्ये."

2019 च्या ऑगस्टात महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. मी आठवीत होते. घरमालकांच्या गच्चीवर न्यायला जेवढे हाती लागले तेवढे नेले, आणि शेगडीनंतर आईने उचलला तो हा डबा. पुस्तके खालीच राहिली. पाणी उतरल्यावर त्यांचा नुसता लगदा हाती आला, त्यातल्या विद्येच्या काड्यांसकट. डबा मात्र वाचला. आईला त्यात काहीतरी खूण वाटली असावी. ती बोलली नाही.

पुढे ते झाड तीन फुटांवरच थांबले. आम्हांला वाटे, केवढे शहाणे झाड, डब्यापुरतेच वाढते! इथल्या ग्रंथालयात वाचल्यावर माझ्या लक्षात आले की बियांपासून आलेली साधी मोरपंखी घराच्या छपराच्या वर जाते. बुटकी ती निराळी, सोनेरी झाक असलेली, अंड्याच्या आकाराची 'ऑरिया नाना', आणि ती कलमाने करतात. आईची मोरपंखी त्या जातीची नव्हतीच. ती अकरा-बारा वर्षे त्या डब्यात उपाशी होती.

या दिवाळीत आण्णांनी डबा उभा कापला. आत माती जवळजवळ उरलीच नव्हती. मुळे गोलगोल फिरून घट्ट वेटोळे झाले होते. आण्णा म्हणाले, "चुंबळ झालीया मुळ्यांची." डोक्यावर पोती वाहणाऱ्या माणसाला दुसरी उपमा कशी सुचणार? ते वेटोळे बोटांनी सोडवले, फार गुंतलेली मुळे कापली, प्लास्टिकच्या पिंपाच्या अर्ध्या भागाला तळाशी भोके पाडून त्यात विटांचे तुकडे, तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरून झाड लावले. सांगलीची काळी माती मुद्दाम घेतली नाही. ती पाणी धरून ठेवते आणि मोरपंखीची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. जानेवारीत आईने फोनवर सांगितले की शेंड्यांना पोपटी रंग आला आहे. झाड आता वाढणार, आणि दोन-तीन वर्षांनी ते कुठे ठेवायचे हा प्रश्न आमच्यापुढे आहेच.

आता पोर्चकडे येते. जूनमध्ये मी ती अकरा झाडे उपटली तेव्हा सात झाडांच्या मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच होती. पिशवीसकट कुंडीत ठेवून वर माती लोटली होती. त्यातून पोर्च पश्चिमेकडे तोंड करून. दुपारी फरशी तापते आणि तिच्याबरोबर कुंडीही तापते. दोन झाडांना कोणीतरी हौसेने चेंडूचा आकार द्यायला आतल्या जुन्या लाकडापर्यंत कातरले होते. त्या लाकडातून या झाडांना पुन्हा पालवी फुटत नाही, तिथे कायमचे टक्कल पडते. आणि सर्वांवर कळस म्हणजे एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत पाणी घालणारे कोणी नव्हते, कारण सुट्टीत योजनेचे काम बंद असते. अशा स्थितीत निवडुंगानेही विचार केला असता. उरलेल्या सात कुंड्या मी सरांच्या परवानगीने ग्रंथालयाच्या पूर्वेच्या भिंतीलगत हलवल्या, पिशव्या काढल्या. सातही हिरव्या आहेत. यासाठी खर्च काही आला नाही. बोट मातीत घालून कोरडे लागले तर पाणी द्यायचे, उन्हाळ्यात पानांवर धुरकट तांबूस झाक दिसली तर कोळी-किडीच्या शंकेने पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, एवढेच.

यंदा पुन्हा नव्या कुंड्या घ्यायचे ठरत आहे, असे ऐकते. माझे म्हणणे, अठरा घेऊ नयेत, सहा घ्याव्यात, आणि घेताना नर्सरीत उंची न विचारता वर्षाला किती वाढते ते विचारावे. वाचलेल्या पैशांत मे महिन्यात दोन विद्यार्थ्यांना पाण्याचे काम देता येईल. तसा अर्ज मी कार्यालयात दिला आहे. पहिले नाव माझे घातले आहे. दुसऱ्या नावाची जागा मोकळी आहे.